दुसरी सही

"तुम्ही गणित कधी केलंत?" केरिसने विचारलं, आणि सिरिंज धरलेला हात तसाच हवेत ठेवला.

मी नुकतीच मान डोलावली होती. सकाळपासूनची तेविसावी वेळ. आधीच्या बावीस जणींनी मान बघितली, "आपण दोघांनी वेगवेगळं तपासलंय" हे वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं, मी यादीवर खूण केली, त्यांनी प्लॅस्टिकच्या बाळाच्या तोंडाला सिरिंज लावली, घंटा झाली, पुढची. नियम असा, की लहान मुलाला औषध देताना दोन नर्सनी आपापलं गणित वेगवेगळं करायचं, मग आकडे जुळवायचे आणि दोघांनी सही करायची. तो वॉर्डमधला नियम. नर्सिंगच्या या प्रात्यक्षिक परीक्षेत दुसरी नर्स कुठून आणणार, माणसं नाहीत, म्हणून परीक्षक मीच आणि दुसरी नर्सही मीच. सूचनापत्रात स्वच्छ लिहिलंय, दुसऱ्या नर्सने 'माझंही तेवढंच आलं' असं दर्शवावं आणि विद्यार्थिनीला पुढे जाऊ द्यावं. दर्शवावं. मी पहिल्या तिघींना तोंडाने म्हटलं, मग कंटाळा आला, मग नुसती मान. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, म्हणजे वाटत होतं पण ते घशाच्या खाली कुठेतरी, जेवण न पचल्यासारखं, आणि त्याची मला तीन वर्षांची सवय आहे.

"केरिस," मी हळू आवाजात म्हटलं, "इथे ते धरून चालायचं असतं."

"कोणी धरायचं?"

"सगळ्यांनी."

"मग बाळ कोण धरणार?" ती म्हणाली. हसली नाही. "तुम्ही करा गणित. मी थांबते."

दहा मिनिटांतली चार गेली होती. केरिस चौतिसाची, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, दोन मुलींची आई, म्हाताऱ्यांच्या आश्रमात अकरा वर्षं लोकांचे पार्श्वभाग धुऊन मग नर्सिंगला आलेली. तिसरं वर्ष, शेवटचं. ही परीक्षा तिची दुसऱ्यांदा, आणि तिसरी संधी नसते. आज वेळेत औषध दिलं नाही तर तीन वर्षं गेली, डोक्यावर फीचं कर्ज आणि हातात काही नाही. पहिल्यांदा ती का नापास झाली ते आमच्या चहाच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, त्यावर महिनाभर हसणं चाललं होतं. तिने त्या बाहुल्याला काट्यावर ठेवलं होतं. कागदावर वजन सात किलो दोनशे, काट्यावर आलं तीन किलो. ती म्हणाली, हे वजन चूक आहे, मी या वजनावर औषध देणार नाही. परीक्षक बाई सांगत राहिल्या, अगं तो बाहुला आहे, आणि ती म्हणत राहिली, मग बाहुल्याला औषध कशाला? घंटा झाली. मीही हसलो होतो तेव्हा. मोठ्याने हसलो होतो, कारण न हसणं दिसलं असतं.

खोलीत वास होता. तो मीच केला होता. सकाळी सातला येऊन ओट्सची पेज, संत्र्याचं सरबत आणि थोडं ताक एकत्र ढवळून बाळाच्या छातीवर आणि चादरीवर ओतायचं, म्हणजे खरं वाटतं. ओकारी दिसली की मुलींनी हातमोजे घालायचे, त्याला एक खूण. दुपारचे तीन वाजेपर्यंत ते मिश्रण खरंच आंबलं होतं, म्हणजे खोटी ओकारी खरी व्हायला लागली होती, आणि तिच्याखाली रबराच्या कातडीचा तो वास, नव्या बुटांच्या डब्यात तोंड घातल्यासारखा. खऱ्या बाळाच्या ओकारीची मला कधी किळस आली नाही. सहा वर्षं वॉर्डमध्ये काढली. अंगावर आली, केसात आली, एकदा तोंडात गेली. धुतलं आणि पुढे. त्यात दूध असतं, ताप असतो, कोणाचं तरी काहीतरी असतं. ही कोणाचीच नाही. इथे युनिव्हर्सिटीत येऊन मला पहिल्यांदा कळलं, की घाण वाटायला घाण लागतच नाही. स्वच्छ गालिचा पुरतो. गळ्यातलं ओळखपत्र, त्यावर माझा हसरा फोटो. मीटिंगमध्ये बिस्किटांचा पुडा सरकवताना "करुणा" हा शब्द म्हणणारी माणसं. आणि माझा आवाज. लेक्चरचा आवाज म्हणून मी एक वेगळा आवाज तयार केलाय, थोडा खाली, मध्येमध्ये थांबणारा. तो आवाज कधीकधी घरी दूधवाल्याशी बोलतानाही निघतो. मग दात घासावेसे वाटतात.

इथल्या मुलाखतीत विचारलं होतं, मुलांचा वॉर्ड सोडून शिकवण्याकडे का यावंसं वाटतं? तीन जण, मध्ये फिलिपा, या विभागाची प्रमुख, गळ्यात लाकडी मण्यांची माळ. मी म्हटलं, एका वेळी एका मुलाला सांभाळण्यापेक्षा पन्नास नर्सना नीट शिकवलं तर हजारो मुलं सुरक्षित राहतील. हे मी बसमध्ये पाठ केलं होतं. फिलिपाने मान डोलावली. नोकरी दिली. औषधांमधल्या चुका हा विषय दिला, तोही मीच मागितला. का मागितला हे मला तेव्हाही माहीत होतं. चोर पोलिसात भरती होतो तसं काहीतरी. तिथे गेलं की आपल्याला कोणी शोधत नाही.

"डेल," केरिस म्हणाली, "तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग कागद घ्या."

कागद माझ्या मांडीवर होता, पण तो यादीचा. चोवीस चौकोन. हात धुतले, खूण. आईशी बोलली, खूण, आईची खुर्ची रिकामी आहे तरी खूण. 'वेगवेगळं तपासल्याचं मोठ्याने सांगितलं', हा सतरावा चौकोन. इथे जे तोंडाने म्हटलं नाही ते झालं नाही, आणि जे म्हटलं ते झालं. मुलींना पहिल्याच आठवड्यात हे कळतं. मग त्या बाहुल्याशी बोलायला शिकतात. "हॅलो राजा, मी केटी, तुला आता मी औषध देणार आहे हं," असं, भिंतीकडे बघत, ठणठणीत आवाजात. वॉर्डमध्ये जातात तेव्हा खऱ्या बाळाशीही तसंच बोलतात आणि बाळ रडतं. नोरीन कधीच असं बोलायची नाही. नोरीन आत यायची, बाळाकडे न बघता खिडकीकडे जायची, पडदा सारखा करायची, नाक शिंकरायची, आणि बाळ तिच्याकडे बघायला लागायचं. मग ती वळायची, म्हणायची, "काय रे चोरा."

नोरीन. सव्वीस वर्षं त्या एका वॉर्डवर. मला तिनेच शिकवलं, सगळंच. हात गरम करून मग बाळाला लावायचा. बापांना खुर्ची द्यायची, नाहीतर ते बेशुद्ध पडतात. वॉर्डमधला एकुलता एक पुरुष म्हणून बाकीच्या मला जड खाटा ओढायला बोलवायच्या, आणि नोरीन म्हणायची, "त्याला सोडा गं, त्याला सुई टोचायला शिकू दे, खाट ओढायला बैलही येतो." मला ती पोरा म्हणायची. "ए पोरा, जेवलास का? तुझा चेहरा बघून मुलं घाबरतायत." त्या दिवशीही तेच. दुपारचे पावणेचार, भेटायला आलेल्यांची गर्दी, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनेच वॉर्डच्या छोट्या स्वयंपाकघरात टोस्ट भाजला, दोन स्लाइस, लोणी भरपूर, आणि माझ्या हातात कोंबला. "खा आधी. मग जग वाचव."

वॉर्डच्या टोस्टचा वास ज्याला माहीत नाही त्याला सांगता येणार नाही. रात्रभर जागलेल्या आया, ऑपरेशनहून आलेली मुलं, नर्स, सगळे त्याच पांढऱ्या पावावर जगतात. माझ्यासाठी तो घरचा वास होता. आता सकाळी शेजाऱ्यांकडे टोस्ट भाजला की मी खिडकी लावतो.

पाच महिन्यांचं बाळ, टोबायस. हर्नियाचं ऑपरेशन, वजन आठ किलो, दुखत होतं म्हणून मॉर्फिन. तोंडाने द्यायचं, ०.४ मिली. सात-आठ थेंब. एक मिलीच्या जांभळ्या सिरिंजा संपल्या होत्या, म्हणून नोरीनने पाच मिलीची घेतली. त्या मोठ्या नळीत ०.४ म्हणजे तळाशी नुसती ओल. ती तिला सवयीची नव्हती. छोट्या नळीत ०.४ म्हणजे चौथी रेघ, हाताला त्याच रेघेची सवय, तिथपर्यंत भरलं. चारच्या रेघेपर्यंत. माझ्याकडे आली, एका हातात सिरिंज, एका हातात औषधांचा तक्ता. "बरोबर ना, पोरा?" माझ्या तोंडात घास होता. मोठा. बोलता येत नव्हतं. मी सिरिंजकडे बघितलं. बघितलं म्हणजे डोळे तिकडे गेले. मी मान डोलावली आणि तिच्या हातातलं पेन घेऊन सही केली.

एवढंच. मान किती खाली जाते? दोन इंच. मी आरशात मोजून बघितलंय.

अर्ध्या तासाने बाळ राखेच्या रंगाचं झालं. नोरीननेच पाहिलं, लांबून, तीन खाटा ओलांडून, आईला काही कळायच्या आत. तोंडावर मास्क, पिशवी दाबत श्वास, ओरडून डॉक्टर बोलावला, आणि त्यातच मान वळवून ट्रेमधली रिकामी सिरिंज बघितली आणि मोठ्याने म्हणाली, "चार. मी चार दिले. मी दहापट दिलंय त्याला." सगळ्या वॉर्डसमोर, आईसमोर. मी भिंतीला टेकून उभा होतो. दातांत पावाचा लगदा अडकला होता आणि मी तो जिभेने काढत होतो. त्या वेळी. बाळ श्वास घेत नव्हतं आणि माझी जीभ दाढेतून पाव काढत होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बाळ जगलं. उतारा दिला, दोन दिवस अतिदक्षता विभागात, मग घरी. आता शाळेत जायच्या वयाचं होत आलं असेल. त्याच्या बाजूने गोष्ट तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईंनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं. "डेल, जबाब लिहायचाय. तू बघितलंस तेव्हा सिरिंजमध्ये किती होतं?" मी दाराकडे बघितलं. "म्हणजे तू तर तपासलंसच ना. सही आहे तुझी." मी म्हटलं, हो. "मग तू तपासलंस तेव्हा बरोबर असणार. नंतर काय झालं ते तुला कसं माहीत असेल? दोन ओळी लिही. तुझी अजून सगळी नोकरी पुढे आहे." मी दोन ओळी लिहिल्या. मी स्वतंत्र गणित केलं. मी पाहिलं तेव्हा सिरिंजमध्ये ०.४ मिली होते. अक्षर छान आलं. म्हणजे मी गेल्यावर नोरीनने परत भरलं, असा त्याचा अर्थ. का भरलं? थकली असेल, वय झालं. कोणीतरी हळूच दारूचंही विचारलं. चौकशीच्या वेळी टेबलावर तक्त्याची झेरॉक्स होती. मूळ तक्त्यावर माझ्या सहीशेजारी लोण्याचा डाग पडला होता, पैशाएवढा, कागद तिथे आरपार दिसायचा. झेरॉक्समध्ये लोणी येत नाही. माझा जबाब वाचून दाखवला.  नोरीनने झेरॉक्स पुढे ओढली आणि जिथे डाग असायला हवा होता तिथे बोट ठेवलं, तर्जनी, नख बारीक कापलेलं, आणि माझ्याकडे बघितलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, "काही बोलायचंय का नोरीन?" ती म्हणाली, "नाही. पोराने लिहिलंय ते वाचलं मी."

तिचं नाव नर्सच्या नोंदणीतून गेलं. मी वर्षाच्या आत इथे आलो.

आणि इथे मी काय केलं ते ऐका. मी त्याचं लेक्चर केलं. दुसऱ्या वर्षाला, ऑक्टोबरात, दर वर्षी. नाव न घेता. "एक अनुभवी नर्स होती." मग थांबतो. "सव्वीस वर्षं." पुन्हा थांबतो. सिरिंजचा फोटो पडद्यावर, आधी लहान, मग मोठी. कुठे आवाज खाली न्यायचा, कुठे पाणी प्यायचं, सगळं ठरलेलं. बाळ राखेच्या रंगाचं झालं तिथे पहिल्या रांगेतल्या एकदोघी रडतात. शेवटी मी विचारतो, कुठे चुकलं? आणि त्या लिहितात, अतिआत्मविश्वास, थकवा, वय. वर्षाच्या शेवटी अभिप्रायाचे कागद येतात, त्यात सगळ्यात जास्त गुण या लेक्चरला. अंगावर काटा आला. डेलचं लेक्चर आयुष्यभर लक्षात राहील. फिलिपाने ते कागद विभागाच्या फलकावर लावले होते. मी रोज त्यांच्यासमोरून लघवीला जातो.

"साडेतीन मिनिटं उरलीयेत," मी केरिसला म्हटलं. हे सांगायचं नसतं, तरी सांगितलं. "तुझा आकडा बरोबर आहे. मला माहितीये. उत्तर माझ्याकडे छापलेलं आहे. देऊन टाक ना."

"छापलेलं कोणी काढलं?"

"अगं, वेळ जाईल. तू नापास होशील."

"होईन." तिच्या गळ्याशी शीर उडत होती. हात साडेचार मिली गुलाबी औषध हवेत धरून दुखत असणार. "माझ्याबरोबर आश्रमात एक बाई आहे, शनिवार-रविवारी. आधी नर्स होती म्हणतात, मोठी, मुलांची. आता आमच्यासारखीच, ओल्या चादरी बदलते. ती मला एकच गोष्ट शिकवते. म्हणते, समोरच्याने नुसती मान हलवली तर थांब. आणि त्याच्या तोंडात घास असेल तर गिळेपर्यंत थांब. मग विचार, किती आलं तुझं? आकडा त्याच्या तोंडून आला पाहिजे. तोपर्यंत बाळ तुझ्या एकटीचं."

खोलीतला वास एकदम जवळ आला. मला वाटलं मी ओकणार, त्या ओट्सच्या ओकारीवर माझी खरी, आणि कोणाला फरक कळणार नाही.

"घास?" मी म्हटलं.

"हो, हसू नका. मीही हसले होते. म्हटलं, घास कशाला असेल तोंडात? तर म्हणाली, असतो गं. भुकेलेलं पोर असतं कधी, आपणच दिलेला असतो."

आपणच दिलेला असतो. तिने ते असं लक्षात ठेवलं होतं. मी दोन ओळी लिहिल्या, तीन वर्षं लेक्चर ठोकलं, आणि तिने काय ठेवलं, तर टोस्ट तिनेच दिला होता. त्याक्षणी मला तिची दया नाही आली, स्वतःचीही नाही. शिसारी आली. माझ्या हातांची, त्यांच्यावर सॅनिटायझरचा थर होता, दिवसात चाळीस वेळा लावलेला, सुकून पापुद्रे निघालेला, आणि त्याखाली मला लोणी जाणवलं. खरंच जाणवलं.

मी उठलो. हात पुसायचा कागद भिंतीवरून ओढला, खिशातलं पेन घेतलं, आणि गणित करायला लागलो. सात पूर्णांक दोन किलो, गुणिले किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. सोपं आहे. सातवीतली पोरं करतात. माझं दोनदा चुकलं. एकदा हातचा राहिला, एकदा दशांशचिन्हच विसरलो, आणि कागदावर १०८०चा आकडा आला आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. दहापट. मग खोडून १०८. भागिले चोवीस, एका मिलीत तेवढे मिलिग्रॅम. केरिसने माझ्या कागदाकडे बघितलं नाही, नियम तसाच आहे, बघायचं नसतं. चार, उरले बारा, शून्य, पाच. तेवढ्यात घंटा झाली.

"चार पूर्णांक पाच," मी म्हटलं.

"माझंही चार पूर्णांक पाच," केरिस म्हणाली. मग तिने वाकून, घंटा वाजून गेली होती तरी, बाहुल्याची हनुवटी बोटाने वर केली, गालाच्या आतल्या बाजूला सिरिंज लावली आणि हळूहळू, थांबत थांबत, सगळं दिलं. ओठ पुसले. मग ती बाहेर गेली. दार लागताना तिचा श्वास ऐकू आला, रडण्याआधीचा.

फिलिपा पाच मिनिटांत आली, हातात ताट. परीक्षेच्या दिवशी ती परीक्षकांसाठी खालच्या कॅन्टीनमधून भाजलेले बेदाण्याचे पाव आणते, लोणी लावलेले, गरम. ही तिची पद्धत, सगळे तिला त्यासाठी चांगलं म्हणतात. "घे, तू काही खाल्लं नाहीस, चेहरा बघ तुझा," म्हणत तिने एक माझ्या हातात दिला. मी घेतला. का घेतला माहीत नाही, हातात दिलेलं घेतो माणूस. तोडला आणि तोंडात घातला. त्या टोस्टनंतर पहिल्यांदा. लोणी जिभेवर पसरलं.

ती माझ्या खांद्यावरून यादी बघत होती. "केरिसचं राहिलंच की काय औषध? अरेरे. वाईट वाटतं रे, पण काय करणार. बाहेर बसलीये, डोळे सुजलेत." तिने खालच्या चौकोनावर बोट ठेवलं, जिथे नापास केल्याचं कारण लिहायचं. "जास्त लांबण नको लावूस. वेळ संपली, एवढंच लिही. तिने वेळ घालवला, बरोबर ना?"

तोंडात घास होता. मोठा. आणि मला मानेच्या मागचा तो स्नायू कळला, अगदी स्पष्ट, जसा कुत्र्याचा कान उभा राहतो. तो खाली यायला निघाला होता. मी काही ठरवलं नव्हतं, मान ठरवत होती. दोन इंच.

मी वाकलो आणि घास हातातल्या कागदात थुंकला. गणिताच्या कागदात. १०८च्या आकड्यावर तो लगदा पडला, बेदाणे, लाळ, लोणी.

"शी! डेल!" फिलिपा मागे सरकली. "काय करतोयस? बरं नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "वेळ तिने नाही घालवला. मी गणित केलंच नव्हतं."

"कधी? आत्ता?"

"आत्ताही."

तिला 'ही' ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि तिने ते ठेवून दिलं. "अरे पण ते करायचंच नसतं. सूचनेत आहे तसं. मीच लिहिलीये ती सूचना."

"म्हणून तर म्हणतोय."

"मग बाकीच्या बावीस जणी?"

"त्यांचंही नव्हतं केलं."

"हे बघ," ती म्हणाली, आणि ताट त्या बाहुल्याच्या पायाशी ठेवलं, "हे तू लिहिलंस तर मला अख्खी परीक्षा रद्द करावी लागेल. तेवीस मुली पुन्हा बसवायच्या. पालक फोन करतील. त्या मुली तुला फाडून खातील. आणि एवढं करून केरिस काही पास होत नाही. फार तर आजचा प्रयत्न धरणार नाहीत, पुढच्या महिन्यात पुन्हा द्यायला लागेल. कशासाठी? एका हट्टी बाईसाठी? लेक्चरमध्ये एवढं छान बोलतोस तू, जरा डोकं वापर."

मी लिहिलं. परीक्षकाने दुसऱ्या नर्सचं गणित केलं नाही. विद्यार्थिनीने मागितल्यावर केलं, त्यात वेळ गेला. आधीच्या बावीस विद्यार्थिनींच्या बाबतीत गणित केलंच नव्हतं. अक्षर वाईट आलं, हाताला लोणी होतं, पेन घसरत होतं. खाली सही केली. सहीशेजारी अंगठा टेकला तिथे कागद आरपार झाला. फिलिपाने तो दोन बोटांनी उचलला, ओल्या फडक्यासारखा, आणि घेऊन गेली. हा कागद पुढे जाईल की त्याची झेरॉक्स, कोणास ठाऊक.

कॉरिडॉरमध्ये केरिस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी, मुलींचे शाळेचे बूट त्यातून बाहेर आलेले. बाहेर समुद्रावरचं धुकं पार्किंगपर्यंत आलं होतं आणि बंदरातला भोंगा मध्येमध्ये वाजत होता. मला बघून तिने नाक पुसलं आणि पिशवी उचलून मांडीवर घेतली, मी बसावं म्हणून. मी उभाच राहिलो.

"नापास ना? सांगून टाक." परीक्षा संपली तसं तिचं तुम्हीही संपलं होतं.

"नाही. आजचं बहुतेक धरणार नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा. सगळ्यांचीच."

"सगळ्यांची? का?" मग तिला कळलं. "तू लिहिलंस?" ती हसली, ओल्या चेहऱ्याने, आणि माझ्या दंडावर थाप मारली. "अरे वा. मारतील रे तुला त्या. थांब, शनिवारी नोरीनला सांगते. खूश होईल बघ. म्हणेल, एक तरी निघाला."

असंच सोडता आलं असतं. ती आनंदात होती, माझ्या दंडावर तिचा हात होता, आणि शनिवारी नोरीनने माझं नाव ऐकलं असतं, केरिसच्या तोंडून, चांगल्या माणसाचं म्हणून. मान न हलवताही होतं ते. नुसतं उभं राहिलं की पुरतं.

"शनिवारी तिची पाळी किती वाजता असते?" मी विचारलं.

"दोनला. का?"

"मी येतो. मी ओळखतो तिला." घशात अजून बेदाण्याचा एक कण होता. मी तो गिळला, मग बोललो. "तो घास माझ्या तोंडात होता, केरिस. तिने विचारलं, मी मान डोलावली. आणि मग मी लिहून दिलं, की मी बघितलं तेव्हा बरोबर होतं."

भोंगा वाजला, थांबला. केरिस माझ्याकडे बघत होती. तिला नीट कळेपर्यंत थोडा वेळ गेला, तिच्या चेहऱ्यावर ते वरून खाली उतरताना मला दिसलं, आधी कपाळ, मग डोळे, मग वरचा ओठ किंचित वर ओढला गेला, एका बाजूला. ओल्या चादरी बदलताना अकरा वर्षांत जो ओठ कधी वर गेला नसेल तो.

तिने माझ्या दंडावरचा हात काढला, पँटला पुसला, आणि मांडीवरची पिशवी उचलून परत शेजारच्या खुर्चीवर ठेवली.